तुझ्या उजव्या बाजूला

शनिवार, १७ जानेवारी २००९, सकाळी सव्वाअकरा. डोळे दोन, दोन्ही काढून नेले. त्यातला कामाचा एक. हजर: मंदावहिनी, तुझा धाकटा भाऊ रमेश, तुझी मुलगी वैशाली, नेत्रपेढीचे डॉक्टर, त्यांचा मदतनीस आणि मी.

दत्तू, तू म्हणाला असतास, "क्लार्क, मेलेल्या माणसाची पण हजेरी मांडतो का रे?" मांडतो. चोवीस वर्षं कारखान्याच्या टाइम ऑफिसात मी दुसरं काही केलेलं नाही, आणि तू गेल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही. 

सकाळी सहाला तू कामाआधी फुलबाजारात विकायला न्यायची फुलांची पाटी सायकलच्या कॅरियरला बांधत होतास. छातीत कळ आली म्हणून पायरीवर बसलास. रमेश रिक्षा घेऊन येईपर्यंत सगळं संपलेलं होतं. मला फोन आला तो पावणेसातला. मी आलो तेव्हा वहिनींनी तुझ्या शर्टाच्या खिशातलं नेत्रदानाचं कार्ड माझ्या हातात ठेवलं. "भाऊजी, यावर तुमची सही हाय. काय करायचं ते तुम्हीच बघा."

साक्षीदाराची सही माझीच होती. कार्डावर छापलेल्या नंबरला फोन करायचा होता, आणि मी दहा मिनिटं तो केला नाही. केला तर डॉक्टर येणार, बॅटरी मारून बघणार आणि एकोणीस वर्षं झाकलेली गोष्ट तुझ्या घरात सगळ्यांसमोर उघडी पडणार. नाही केला तर तुझी शेवटची इच्छा मोडणार, तीही माझ्याच सहीची. या दोन्हीतलं काय कमी वाईट, हे विचारायला मला तूच हवा होतास. शेवटी फोन केला.

तिकडून सांगितलं तसं केलं. पंखा बंद केला, डोक्याखाली दोन उशा दिल्या, पापण्यांवर ओला कापूस ठेवला. कापूस वैशाली भिजवत होती. तो सुकला की परत. असं तिनं सात वेळा केलं.

डॉक्टरांनी आधी डावा डोळा पाहिला. मग उजवा. उजव्यावर ते बराच वेळ वाकून राहिले.

"याला जुना मार आहे का? बुबुळावर व्रण आहे. या डोळ्यानं यांना कितपत दिसायचं?"

"दिसायचं की," रमेश म्हणाला. "रोज सायकलवर सातपूरला जायचा तो. काय नाय झालेलं त्याला."

"तो तीळ आहे हो," वहिनी म्हणाल्या. "लग्नाच्या आधीपासनंचा."

 मी फरशीकडे बघत होतो. मान वर केली तेव्हा वहिनी माझ्याकडे बघत होत्या, आणि वैशाली त्यांच्याकडे. डॉक्टर जाताना म्हणाले, डावा चांगला आहे, कुणालातरी बसेल. उजवा विद्यार्थ्यांना शिकायला उपयोगी पडेल.

फुलांची पाटी अजून कॅरियरवरच होती. शेवंती. कुणी उतरवली नव्हती.

आता पहिल्यापासून सांगतो. तुला माहीत आहे सगळं, पण आजवर आपल्या दोघांखेरीज कुणासमोर ते क्रमानं मांडलेलं नाही.

१९९० सालचा उन्हाळा. तू ग्राइंडरवर टेंपररी होतास. अकरा माणसांत कण अडवायचे चष्मे तीन, आणि ते परमनंट लोकांच्या डोळ्यांवर. लोखंडाचा कण उडाला आणि तू टाइम ऑफिसच्या खिडकीशी आलास, उजवा डोळा तळहातानं दाबून. मी तुला माझ्या सायकलच्या कॅरियरवर बसवून सातपूरहून अशोकस्तंभाजवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आणलं. वाटभर तू रुमाल धरून बसलेला आणि वर मला बोलत होतास: "सरळ चालव ना बाबा. एक डोळा गेलाय, दुसरा तू घालवशील."

कण निघाला, नजर नाही आली. तीन महिन्यांनी डॉक्टरांनी सांगितलं, या डोळ्याला आता फक्त उजेड आणि अंधार कळेल. कारखान्यात तू सांगितलं होतंस की डोळे आलेत. आठ दिवसांची रजा, कारण डोळे येणे, ही नोंद माझ्या अक्षरात आहे.

तेव्हा तुझी दोन कामं अडलेली होती. वर्षअखेरीस परमनंट करणार होते, आणि दिंडोरीहून मंदावहिनींचं स्थळ आलेलं. "सांगू नको कुणाला," तू म्हणालास. मी विचारलं, कधीपर्यंत? म्हणालास, परमनंट होईपर्यंत. मग म्हणालास, लग्न होईपर्यंत. मग, पोरगी मोठी होईपर्यंत. शेवटी रिटायर होईपर्यंतवर येऊन थांबलास. गेलास तेव्हा तुझ्या रिटायर होण्याला अकरा वर्षं बाकी होती.

परमनंट होण्याआधी तब्येतीची तपासणी होती. नावं पुकारायला मला डॉक्टरांच्या खोलीत बसवलेलं. भिंतीवर अक्षरांचा तक्ता. पहिल्या दिवशी वीस जण तपासले, तुझा नंबर पुढच्या आठवड्यात. मी तक्त्यावरच्या सात ओळी कागदावर उतरवून आणल्या. नोकरीत मी केलेली लबाडी एवढी एकच, पण ती पुऱ्या तयारीनिशी केलेली होती. तू सातवी पास. इंग्रजी अक्षरं ओळखायचास, पण भराभरा म्हणता येत नव्हती. आठ दिवस मखमलाबाद नाक्यापासून सातपूरपर्यंत तू सायकलवर अक्षरं म्हणत होतास आणि मी शेजारी चुका काढत होतो. होळकर पुलावर पाचवी ओळ सुरू व्हायची. एका दूधवाल्यानं विचारलंसुद्धा, "कसला मंत्र हाय हो हा?" तू म्हणालास, "नोकरीचा."

उलटही पाठ करून घेतलं मी. तू वैतागलास. "उलटं कोण विचारतंय?"

"रक्कम उलट्या बाजूनंही तपासतात," मी म्हटलं.

डॉक्टरांनी डावा डोळा झाकून तुला पाचवी ओळ उलटीच वाचायला लावली. तू घडाघडा म्हणालास. दारात उभा राहून मी घामानं भिजलो होतो, आणि बाहेर येऊन तू माझ्या पाठीत असा गुद्दा घातलास की संध्याकाळपर्यंत दुखत होतं.

त्यानंतर आपली चालण्याची पद्धत ठरली. ठरवली कुणी नाही, पडत गेली. तू डावीकडे रस्त्याच्या कडेला, मी तुझ्या उजवीकडे, अर्धं चाक मागे. उजवीकडून कुणी येत असेल तर मी घंटी दोनदा वाजवायची. दोनदा वाजली की तू हँडल न हलवता वेग कमी करायचास. रविवार कारंजावर भाजीच्या हातगाड्या, मेहेरच्या सिग्नलला बस, सीबीएसपाशी बाहेर पडणाऱ्या एसट्या. त्र्यंबक नाक्यापर्यंत येईस्तोवर पंचवटीची, जुन्या नाशकातली, सिडकोकडची अशी सगळी सायकलवाली गर्दी एक व्हायची, प्रत्येकाच्या हँडलला डबा. त्यात मला दोन माणसांची नजर ठेवावी लागायची. कारखान्यात आपल्याला बैलजोडी म्हणायचे. लोकांना वाटायचं, दोस्ती आहे म्हणून शेजारी शेजारी चालतात. दोस्ती होतीच.

तो ट्रॅफिक पोलीस आठवतो? "एकामागं एक चाला की! रस्ता काय सासऱ्याचा आहे?"

तू पाय टेकून अगदी गरिबासारखा म्हणालास, "सासरा दिंडोरीला हाय साहेब. त्याचा रस्ता तिकडं."

त्यानं हवा काढली. दोघांच्याही सायकलींची. दीड किलोमीटर हातात धरून नेल्या, आणि तू हसत होतास.

एक गोष्ट मी तुला कधी बोललो नाही. १९९५ साली माझी बायको एकेचाळीस दिवस दवाखान्यात होती. रात्री तिच्याजवळ मी, घरी आई. आईकडून डबा घेऊन तू सकाळी सहाला दवाखान्यात यायचास, तो देऊन फुलबाजारात आणि तिथून कामावर. कॅरियरवरच्या पाटीला डबा टेकलेला असायचा. भाकरीला शेवंतीचा वास यायचा. बायको अजून म्हणते, दत्तूभाऊजींच्या डब्यानं मी उठले. रोजचे तीन किलोमीटर जास्तीचे, एकेचाळीस दिवस, म्हणजे एकशे तेवीस किलोमीटर. त्या एकशे तेवीस किलोमीटरमध्ये तुझ्या उजव्या बाजूला कोणी नव्हतं. हे मला तेव्हा सुचलं नाही. त्या दिवशी, तुझ्या चितेजवळ उभं असताना सुचलं.

आणि आता ते.

१९९८चा जुलै. वैशाली सहा वर्षांची, पहिलीत. तिची शाळा आपल्या वाटेवर, त्र्यंबक नाक्याच्या पुढे. ती तुझ्या कॅरियरवर बसायची, दोन्हीकडे पाय टाकून, तुझ्या सीटच्या स्प्रिंगा धरून. माझ्या सायकलची चेन चार दिवसांपासून ढिली होती. उद्या करू, उद्या करू चाललेलं. नाक्याच्या अलीकडे चेन पडली. मी उतरलो. तू मागे वळून म्हणालास, "घंटा व्हईल शाळेची. मी होतो पुढं, तू ये."

मी "हो" म्हटलं. काय म्हणायला हवं होतं ते तेव्हा कळलं नाही.

मी चेन चढवता चढवता बघत होतो. नंतर जाऊन पावलं मोजली आहेत, ऐंशी. ऐंशी पावलांवर उजव्या बाजूनं रिक्षा आली. तिनं हॉर्न दिला. हॉर्न कुठल्या बाजूचा हे गर्दीत तुला कळलं नसावं. तू तिच्याच दिशेनं वळलास. हँडलला धक्का लागला, सायकल आडवी झाली. तुला खरचटलं. वैशालीचा डावा हात खाली आला आणि कोपरात मोडला.

ती हलली नव्हती. मी मागून सरळ बघत होतो. पाठीवर दप्तर, दोन्ही हात स्प्रिंगांवर, मान खाली.

माणसं जमली आणि रिक्षावाल्याला धरलं. एकानं कॉलर पकडली, दुसऱ्यानं हात उगारला. तो बिचारा ओरडत होता, "अहो हॉर्न दिला मी! हॉर्न दिला!" पोरीला कडेवर घेऊन तू मध्ये घुसलास. "सोडा त्याला. त्याची चूक नाय. पोरगी हलली माझी, तोल गेला."

दत्तू, हे मी तुझ्या बाजूनं पुष्कळदा मांडून पाहिलं आहे. एका निर्दोष माणसाला मार पडू नये म्हणून तू बोललास. चूक त्याची नाही, मग कुणाची, हे लोक विचारणारच होते. खरं सांगितलं असतं तर तिथं आपल्या कारखान्याची निम्मी पहिली पाळी उभी होती. तुझ्या तोंडाला पहिलं नाव आलं ते जिला उलट बोलता येणार नव्हतं तिचं. त्या घटकेपुरतं मी समजू शकतो.

पण दवाखान्यात वहिनी आल्या तेव्हाही तू तेच म्हणालास. बाकावर बसलेली वैशाली, हात फडक्यात बांधलेला, रडणं थांबवून म्हणाली, "मी नाही हलले बाबा."

तू म्हणालास, "हललीस. तुला कळलं नसंल."

तिनं तुझ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. माझे दोन्ही हात चेनच्या वंगणानं काळे झालेले होते, ते मी पाठीमागे धरले. ती परत काही म्हणाली नाही. सहा वर्षांच्या पोरीला बापानं सांगितलं की तू हललीस, पण तुला कळलं नाही. तिला खरं वाटलं.

कोपर पूर्ण सरळ होत नाही तिचं. त्यानंतर ती सायकलवर कधी बसली नाही, मागेही नाही आणि पुढेही नाही. आधी पायी शाळेत गेली, मग सिटी बसनं. हातून पेला सांडला तरी घरात "आमची हलती" म्हणायचे. रमेश म्हणायचा, आणि सगळ्यात जास्त तूच म्हणायचास. मी बसलेलो असलो की मोठ्यानं. मला वाटायचं, तू मला बजावतो आहेस. पुढे वाटायला लागलं, हा स्वतःलाच परत परत सांगतो आहे, खरं वाटेपर्यंत.

पुलावर किती वेळा भांडलो आपण यावरून.

"निदान तिला सांग. घरातल्या घरात."

"तिला सांगितलं की मंदाला कळंल. मंदाला कळलं की रमेशला. रमेशच्या पोटात पाणी ठरतं का? महिन्यात कारखान्यात व्हईल."

"आता परमनंट आहेस. काढून टाकत नाहीत."

"मशीनवरून काढतील. गेटवर बसवतील. तू लिहिशील माझी हजेरी, वॉचमन म्हणून?"

"लिहीन."

"तुझं काय जातंय लिहायला."

मग तू घंटी वाजवून पुढे निघून जायचास, आणि मला जोर मारून परत तुझ्या उजवीकडे यावं लागायचं. रागात असलो तरी ती जागा सोडता येत नव्हती. भांडण कायम तिथंच तुटायचं.

२००१ साली मी स्कूटर घेतली. गुडघे दुखत होते, ते खरं होतं. हप्ता परवडत होता, तेही खरं. तुला मागे बस म्हटलं तर तू म्हणालास, फुलांची पाटी कुठं ठेवू, तुझ्या डोक्यावर? महिनाभर मी दुसऱ्या गिअरमध्ये तुझ्या उजवीकडून चालवली. मागून गाड्या हॉर्न मारायच्या. पेट्रोल दुप्पट लागलं. एक दिवस तूच म्हणालास, "जा बाबा पुढं. तुझी गाडी तापते, आणि लोक मला बघतात." मी दोन दिवस थांबलो. तिसऱ्या दिवशी गेलो. स्कूटरच्या मीटरवर मी ते अंतर मोजलं आहे, तुझ्या दारापासून गेटपर्यंत दहा किलोमीटर आणि सहा दशांश. सिंहस्थात रस्ते रुंद झाले, सायकली कमी झाल्या, मोटारी वाढल्या. तू साडेसात वर्षं रोज ते अंतर एकटा गेलास आणि आलास. एकदाही पडला नाहीस. मी मात्र रोज गेटवर तुझं कार्ड पंच झालेलं बघितल्याशिवाय चहा घेत नसे. हे तुला माहीत नव्हतं.

मग कारखान्यातलं ते शिबिर. रक्तदान एका टेबलावर, नेत्रदानाचे फॉर्म दुसऱ्या. तू फॉर्म भरलास आणि साक्षीदार म्हणून माझ्यापुढे सरकवलास.

मी हळूच म्हटलं, "एकच चालणार आहे तुझा."

"एक तर एक. लिहिलेत दोन, घेतील तेवढे घेतील."

"आणि डॉक्टरनं घरच्यांसमोर विचारलं तर?"

तू पेनचं टोपण लावलंस. "तेव्हा मी कुठं असणार हाय? तू असशील."

मी हसून सही केली. त्यात काही असेल असं मला वाटलं नाही. गेले पंधरा दिवस मी तेवढाच विचार करतो आहे. तुला सांगवत नव्हतं म्हणून डॉक्टरकडून सांगवायचं ठरवलं होतंस का? आणि डॉक्टर अर्धंच सांगणार, उरलेलं कुणी सांगायचं हेही तेव्हाच ठरवलं होतंस? की नुसतीच तुझी नेहमीची चेष्टा होती ती? विचारायला तू नाहीस. माझ्यापुढे नुसती एक सही आहे.

दहाव्याला वहिनींनी मला बाजूला घेतलं.

"भाऊजी, कधीपासनं?"

"तुमच्या लग्नाआधी एक वर्ष."

 मग म्हणाल्या, "म्हंजे मला बघायला आले तेव्हा एकाच डोळ्यानं बघितलं." आणि पुढे म्हणाल्या, "सांगितलं असतं तरी आले असते मी. एवढं पण त्यांना माझं म्हायती नव्हतं का हो?"

 एकोणीस वर्षं तुझ्या बाजूनं उत्तरं तयार ठेवली, या प्रश्नाचं उत्तर तू मला कधी दिलंच नव्हतंस.

मग त्यांचा हात तोंडावर गेला. त्यांना ते आठवलं, मी बघत होतो. "मग वैशूच्या हाताच्या वेळी..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. पदरानं डोळे पुसले. "तिला नका सांगू. बाप गेलाय तिचा, चांगला राहू द्या. माझ्या गळ्याची शपथ."

असे माझ्याकडे आता दोन शब्द झाले, एक तुझा आणि एक वहिनींचा, आणि दोन्ही एकाच बाजूला. दुसऱ्या बाजूला कुणाचाच शब्द नव्हता. तिथं फक्त ती पोरगी होती, सोळा वर्षांची.

तेराव्याला मी अंगणात उभा होतो. तुझी सायकल भिंतीला टेकलेली, कॅरियरला पाटीची दोरी अजून बांधलेली. वैशाली पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली.

"काका, एक विचारू?"

"विचार."

"डॉक्टर म्हणाले ते खरं होतं ना? उजव्या डोळ्याचं?"

"खरं होतं."

"रिक्षा उजवीकडून आली होती." ती मला विचारत नव्हती, सांगत होती. तेरा दिवस तिनं मनात ते मांडून पाहिलेलं होतं. "तुम्ही मागे होता. चेन पडली होती तुमची. मी हलले होते का?"

घरात वहिनी होत्या. शपथ तीन दिवसांपूर्वीची.

"नाही," मी म्हटलं. "तू हलली नव्हतीस. स्प्रिंगा धरून बसली होतीस. मी बघत होतो."

तिनं तांब्या सायकलच्या सीटवर ठेवला. मला वाटलं ती रडेल. रडली नाही.

"मी अजून झोपेत अंग आवरून झोपते काका. हलू नये म्हणून." मग म्हणाली, "तुम्ही बघत होता. मग साडेदहा वर्षं?"

दत्तू, तुझी नोकरी होती, पहिली पाळी होती, रिटायर होईपर्यंत होतं, पुलावरची सगळी भांडणं होती. तिच्यासमोर त्यातलं एकही काढता येईना. मी म्हटलं, "चुकलं माझं." ते तिनं ऐकलं की नाही कळलं नाही.

"बाबांना तर आता विचारता येत नाही," ती म्हणाली. "तुम्ही आहात. आत चला आणि सगळ्यांसमोर म्हणा."

आत पंगत बसलेली. रमेश वाढत होता. त्याच दिवशी सकाळी तिच्या हातून वरण सांडलं तेव्हा तो सवयीनं बोलून गेला होता, "आमची हलती." वहिनी चुलीपाशी, हातात पळी. मी दारात उभा राहिलो. 

मी म्हटलं, "अठ्ठ्याण्णव साली वैशालीचा हात मोडला, तेव्हा ती हलली नव्हती. दत्तूला उजव्या डोळ्यानं दिसत नव्हतं, आणि मी त्याच्या उजव्या बाजूला नव्हतो."

कुणी जेवायचं थांबलं, कुणी थांबलं नाही. रमेश म्हणाला, "अहो, जाऊ द्या ना आता. कधीची गोष्ट. बसा, दोन घास खाऊन घ्या."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं नाही. शपथ मोडली त्यांची, आणि ती भरून देता येणारी नाही. पळी तशीच हातात होती.

वैशाली माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. उजवीकडे. मुद्दाम नसेल, दाराची जागाच तेवढी होती.

"परत सांगा काका," ती म्हणाली. "रमेशकाकांना नीट ऐकू आलं नाही."

मी परत सांगितलं.

दत्तू, तुझ्याकडून आणि माझ्याकडून शेवटी दिलं गेलं ते एवढंच: एक वाक्य, दोन वेळा. तुझा डावा डोळा कुणाला बसला ते पेढीवाले सांगत नाहीत. हे वाक्य कुणाला पोचलं ते मला सांगता येतं. वैशालीला.